निवृत्तीनंतर वेंगुर्ले की बेळगाव?

अनगोळवासी

नमस्कार. मी पुढील वर्षी निवृत्त होत आहे. बेळगावच्या अनगोळ भागातील आमचे घर दुमजली असून पत्नीच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही, म्हणून ते विकून तळमजल्याचे लहान घर करायचे, एवढे ठरले आहे. जागेचा निर्णय मात्र होत नाही. पत्नीचे माहेर वेंगुर्ल्याचे; तिच्या भावाने वडिलोपार्जित जमिनीतील चार गुंठे देऊ केले आहेत आणि समुद्राजवळ राहण्याची तिची इच्छा जुनी आहे. माझा ओढा बेळगाव किंवा खानापूर परिसराकडे आहे. मला रक्तदाब आहे, तिला दम्याचा त्रास आहे आणि मुलगी पुण्यात असते. निवृत्तीनंतर ज्यांनी घाट उतरून किंवा चढून घर केले, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

निवृत्त शिक्षिका, शहापूर

आम्ही निवृत्तीनंतर मालवणजवळ राहिलो आणि पुन्हा बेळगावला आलो, त्यामुळे दोन्हीकडचे सांगू शकते. मे महिन्यात दुपारी किनाऱ्यावरचा पारा बेळगावपेक्षा कमीच असतो, पण रात्र थंड होत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्याने दिवसभर तापले तरी पहाटे अंगावर पांघरूण लागते. किनाऱ्यावर हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही, शरीराला थंड व्हायला वेळ लागतो आणि साठीनंतर हा फरक चांगलाच जाणवतो. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज, गॅसची शेगडी, फ्रिजची मागची बाजू, सगळे लवकर गंजते. पावसाळ्यात कपाटातील कपड्यांना बुरशी येते, आणि दमा असलेल्या व्यक्तीसाठी मला तीच गोष्ट सर्वांत काळजीची वाटते. अर्थात बेळगावही निर्दोष नाही. इथल्या मोकळ्या जागांवर माजलेल्या काँग्रेस गवतामुळे अनेकांना शिंका आणि धाप लागते. म्हणून वहिनींच्या डॉक्टरांचे मत आधी घ्यावे.

तरीही मालवणची माणसे मला आजही आठवतात. शेजारीण रोज दाराशी येऊन चौकशी करत असे, आणि म्हातारपणी त्याचे मोल फार आहे. वहिनींना तिथे भाऊ आहे, पण भाऊही त्यांच्याच वयाचा असणार. तो थकल्यावर त्या घरात त्यांच्या हाकेला कोण येईल, हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने ठरवले पाहिजे.

स्थापत्य अभियंता, टिळकवाडी

मी फक्त जमिनीबद्दल लिहितो, कारण बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. भाऊ जमीन देतो म्हणतात, पण हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्यामुळे वारसनोंदीत वहिनींचे नाव लागले आहे का, हे प्रथम पाहावे. कोकणातील सातबारे पुष्कळदा सामाईक असतात. चुलत्यांची आणि मुंबईत असलेल्या भावंडांची नावे त्यावर असतात आणि वाटप झाल्याशिवाय अमुक चार गुंठे आपलेच, असे म्हणता येत नाही. दुसरी बाब सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरील बांधकामाच्या नियमांची. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत आणि खाडीकाठीही ते लागू होतात, म्हणून नकाशावर जागा तपासून घ्यावी. बांधायचेच ठरले तर सळईवर काँक्रीटचे आवरण पुरेसे ठेवावे. समुद्राकाठच्या हवेत तिथे केलेली काटकसर पुढे छत फुटून वसूल होते.

कर्नाटकात जमीन सुधारणा कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्या व्यक्तीलाही शेतजमीन घेता येते. मात्र घर बांधायला बिनशेती परवानगी लागतेच. स्वस्त मिळतो म्हणून बिनशेती न झालेला भूखंड खानापूर रस्त्याला घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

निवृत्त सुभेदार, खानापूर तालुका

सर, खानापूर म्हणजे एकच हवामान नव्हे. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीकडे पाऊस कोकणासारखाच पडतो, तर पूर्वेला बैलहोंगलकडे जाताना तो झपाट्याने कमी होतो. दमा असलेल्या व्यक्तीला घाटमाथ्याजवळ घर घेणे योग्य नाही. खानापूर शहर किंवा त्याच्या पूर्वेची गावे पाहावीत.

माझ्या दृष्टीने खरा निकष दवाखान्याचा आहे. वेंगुर्ल्याहून गंभीर रुग्णाला बऱ्याचदा गोव्यात बांबोळीला न्यावे लागते. कोल्हापूर किंवा बेळगावला यायचे तर आंबोली घाट चढावा लागतो आणि जुलैत तिथे धुके व दरडी दोन्ही असतात. बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि मोठी खासगी रुग्णालये शहरातच आहेत. 2024 पासून हुबळी-पुणे वंदे भारतही बेळगावला थांबत असल्याने मुलीला येणे सोपे पडते. कार्यालयातील कागद कन्नडमध्ये येतात हे खरे, पण तुम्ही आयुष्यभर इथेच राहिला असल्याने ती अडचण तुम्हाला नवी नाही. मी स्वतः किनारा सुचवणार नाही. वहिनींना समुद्र हवा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी माहेरी राहावे, तो काळ तिथे उत्तम असतो.

अनगोळवासी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. पत्नीने सर्व उत्तरे वाचली. सातबाऱ्यावर आपले नाव आहे की नाही हे तिला ठाऊक नव्हते. आता भावाकडे उतारा मागितला आहे. यंदा जून ते सप्टेंबर वेंगुर्ल्यात भाड्याने राहून तिला दम्याचा त्रास कितपत होतो ते पाहायचे आणि तोवर अनगोळचे घर विकायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. एकच विचारतो: पावसाळ्यासाठी तिथे भाड्याचे घर बघताना काय तपासावे?

निवृत्त शिक्षिका, शहापूर

भिंतींना खालून ओल चढते का, ते पाहा; नवा रंग दिलेला असेल तर शेजाऱ्यांना विचारा. दोन्ही बाजूंनी वारा खेळणारी खोली घ्या आणि वहिनींची औषधे महिनाभर पुरतील एवढी जवळ ठेवा, कारण वादळी पावसात वीज आणि रस्ता दोन्ही एकाच वेळी बंद पडतात.