टायरचा आकार बदलल्यावर स्पीडोमीटर सुधारला, पण किलोमीटर कमी का भरतात?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २०१९ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे. तिचे मूळचे १६५/८० आर१४ टायर झिजल्यामुळे मी अलीकडेच १५ इंची अलॉय (मिश्रधातूचे रिम) आणि १९५/६५ आर१५ टायर बसवून घेतले. खराब रस्त्यावर गाडीचे पोट घासू नये, हा त्यामागचा मुख्य हेतू होता. मीटरमध्ये काहीही फरक पडणार नाही, असे दुकानदाराने सांगितले होते.

प्रत्यक्षात दोन गोष्टी आढळल्या. पूर्वी काटा १०० वर असताना मोबाइलवरील जीपीएस ९३ च्या आसपास वेग दाखवत असे. आता ते ९७ दाखवते, म्हणजे काटा खऱ्या वेगाच्या जवळ आला आहे. मात्र कामानिमित्त पुण्याहून कऱ्हाडला जाऊन येण्याचे अंतर पूर्वी ३१० किलोमीटर भरत असे, ते आता २९७ भरते. टायरच्या आकारांचे गणित मांडल्यास २.४ टक्क्यांचा फरक निघतो, पण मला ४ टक्क्यांहून अधिक फरक दिसतो आहे. मला कार्यालयाकडून प्रवासखर्च किलोमीटरमागे १२ रुपये या दराने मिळतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. एकाच बदलाने वेगाचा काटा सुधारतो आणि अंतराचा आकडा बिघडतो, हे कसे शक्य आहे?

चाकोरी (प्रतिसाद)

आपली निरीक्षणे परस्परांशी अगदी सुसंगत आहेत, फक्त त्यांत एक घटक नजरेआड राहिला आहे. तो म्हणजे जुन्या टायरची झीज.

आधी मूळ गणित पाहू. १६५/८० आर१४ मध्ये साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची १६५ मिलिमीटर रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर असते. तिची दुप्पट आणि १४ इंची रिमचे ३५५.६ मिलिमीटर मिळून टायरचा व्यास ६१९.६ मिलिमीटर होतो. त्याच पद्धतीने १९५/६५ आर१५ चा व्यास ६३४.५ मिलिमीटर येतो आणि या दोहोंतील फरक आपण म्हणता तसा २.४ टक्केच आहे. परंतु हा हिशेब दोन कोऱ्या टायरांचा झाला. नव्या टायरवर साधारणपणे ८ मिलिमीटर खोलीची नक्षी असते. आपले जुने टायर उतरवताना ती २ मिलिमीटरवर आली होती असे धरल्यास दोन्ही बाजूंचे मिळून १२ मिलिमीटर व्यासातून गेलेले होते, म्हणजे तेव्हा चाकाचा व्यास सुमारे ६०७.६ मिलिमीटर होता. ६३४.५ ला ६०७.६ ने भागले की वाढ ४.४ टक्के येते. ३१० किलोमीटर त्या प्रमाणात कमी केले, तर बरोबर २९७ उरतात.

याचा अर्थ असा की पूर्वीचे ३१० हेही खरे अंतर नव्हते. गाडीतील यंत्रणेला रस्ता दिसत नाही. ती चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या फेऱ्या मोजते आणि त्या फेऱ्यांना कारखान्यात ठरवून दिलेल्या एका परिघाने गुणते. टायर झिजून लहान झाला की तेवढ्याच रस्त्यासाठी फेऱ्या जास्त होतात आणि आकडा फुगतो. कोऱ्या मूळ टायरवर आपला ओडोमीटर (अंतर दाखवणारा मीटर) अचूक होता असे गृहीत धरल्यास ते अंतर सुमारे ३०४ किलोमीटर असावे. पूर्वी आपल्याला सहा किलोमीटर जास्त दिसत होते, आता सात कमी दिसत आहेत.

आता आपला मूळ प्रश्न. फेऱ्यांची मोजणी दोन्हींसाठी एकच असली, तरी स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त वेग दाखवेल असा बनवलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये, आणि तो जास्तीत जास्त खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकाच वाढीव असू शकतो. खरा वेग ८० असेल, तर काट्याने ९२ पर्यंत दाखवलेले चालते. ओडोमीटरमध्ये अशी मुद्दाम ठेवलेली वाढ नसते. त्यामुळे टायर मोठा केला की काट्यातील वाढीव भाग खर्ची पडून तो खऱ्याकडे सरकतो, तर ओडोमीटर जिथे जवळजवळ बरोबर होता तिथून खाली घसरतो. दोघांवर परिणाम एकाच प्रमाणात झाला, पण दोघांचे आरंभबिंदू वेगळे होते.

गडवाट (प्रतिसाद)

चाकोरी यांचे विवेचन पटले. तरीही काटा सुधारला म्हणून कोणी आणखी मोठा टायर बसवू नये, एवढे मला आवर्जून सांगावेसे वाटते. याच गाडीला २०५/६५ आर१५ बसवणारेही आहेत. त्याचा व्यास ६४७.५ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापापेक्षा साडेचार टक्क्यांनी जास्त. तिथे काट्याची सुरक्षित बाजू जवळपास संपते. ज्या मोटारीत मुळात तीनच टक्के वाढीव असतील, तिचा चालक काटा १०० वर ठेवून प्रत्यक्षात त्याहून वेगाने जात असेल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना १०० ची मर्यादा आहे आणि तिथले कॅमेरे गाडीचा खरा वेग मोजतात, आपला काटा वाचत नाहीत.

शिवाय ज्या हेतूने हे केले जाते, तो कितपत साधतो हेही पाहावे. व्यास १४.९ मिलिमीटरने वाढला, पण गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम साडेसात मिलिमीटर. स्विफ्टच्याच वरच्या श्रेणीत कंपनी १८५/६५ आर१५ देते, आणि त्याचा व्यास ६२१.५ मिलिमीटर आहे. १५ इंची अलॉयच हवे असतील, तर ते माप सर्वांत निर्धोक आहे, कारण मूळ मापापासूनचा फरक तिथे अर्ध्या टक्क्याच्याही आत राहतो.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टायर आता घेतलेले आहेत, त्यामुळे ते वापरावेच लागतील. मी खर्चाच्या मागणीपत्रात ओडोमीटरच्या आकड्यात सरसकट २.४ टक्के मिळवू का? महिन्याकाठी खरा प्रवास १५०० किलोमीटर धरला, तर मीटरवर सुमारे १४६५ दिसतात आणि जवळपास ४२० रुपयांचा फरक पडतो. तसेच हवा थोडी कमी ठेवून टायरचा परिघ घटवता येईल, असे एका परिचितांनी सुचवले आहे.

चाकोरी

हवेचा उपाय कृपया करू नये. रेडियल टायरमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो आणि त्याची लांबी जवळजवळ कायम राहते. हवा कमी केल्याने टायर चपटा दिसला, तरी एका फेरीत कापले जाणारे अंतर फारच थोडे बदलते. टायर मात्र तापतो आणि त्याच्या कडा लवकर झिजतात.

सरसकट टक्केवारी मिळवणेही फार काळ बरोबर ठरणार नाही, कारण नवे टायरही झिजणार आहेत. त्यांची नक्षी २ मिलिमीटरवर येईल तेव्हा त्यांचा व्यास सुमारे ६२२.५ होईल, म्हणजे मूळ कोऱ्या टायरपेक्षा केवळ अर्धा टक्का जास्त. आज लागू असलेला २.४ टक्क्यांचा गुणक तेव्हा आपल्याला न मिळवलेले पैसे देऊ लागेल. त्यापेक्षा सातारा रस्त्याच्या सपाट भागात २० किलोमीटरचे दगड मोजून ट्रिप मीटरशी (शून्यावर आणून एका फेरीचे अंतर मोजणाऱ्या मीटरशी) ताडून पाहावे आणि दर काही महिन्यांनी ही पडताळणी नव्याने करावी. दगडांऐवजी मोबाइलच्या जीपीएसशी ताडत असाल, तर खंबाटकी घाटाचा भाग त्यातून वगळावा, कारण वळणांवर मोबाइलचे जीपीएस बिंदूंमधून सरळ रेषा जोडत जाते आणि अंतर कमी भरते. कार्यालयाला मान्य असेल, तर ठरावीक प्रवासासाठी नकाशावरचे अंतरच धरणे उभय पक्षांना सोयीचे होईल.

सह्यकडा (प्रतिसाद)

एक गोष्ट राहिली. आपल्या डिकीतील स्टेपनी अजून १६५/८० आर१४ चीच असेल. स्विफ्टची पुढची चाके ओढणारी असल्याने पुढचे चाक पंक्चर झाले, तर मागचे एक चाक पुढे घ्यावे आणि स्टेपनी मागे लावावी, म्हणजे वेगवेगळ्या व्यासांच्या चाकांमुळे डिफरन्शियलवर (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीवर) सतत ताण येणार नाही. एबीएसचे (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर प्रत्येक चाकाच्या फेऱ्यांची तुलना करत असतात, म्हणून या अवस्थेत गाडी जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंतच आणि बेताच्या वेगाने न्यावी. अलॉय घेतानाचे नट जर वेगळे असतील, तर स्टेपनीच्या पोलादी रिमसाठी लागणारे मूळ नट डिकीत आहेत ना, हे आजच पाहून घ्यावे.