मदत हवी आहे : सीटी स्कॅनवरून शस्त्रक्रियेतील गुंतागुंत आधी कळते का?

कातळकाठ (देवगड) : वडिलांच्या मूत्रपिंडात गाठ निघाली असून मूत्रपिंड राखून केवळ गाठ काढण्याचे सर्जनांनी ठरवले आहे. रिपोर्टवर पेनाने ‘९’ लिहिले आहे. रक्तस्राव किंवा लघवीची गळती होईल का, हे त्यावरून कळते का? सोमवारी संमतीपत्रावर सही करायची आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

रापण (मालवण) : गाठ केवढी, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) किती, स्कॅन कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे औषध, ज्याने चित्र स्पष्ट दिसते) देऊन केला का, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. आकड्यापुढे एखादे अक्षर आहे का?

कातळकाठ : ४.२ सेंटीमीटर, १.१, कॉन्ट्रास्ट दिला होता. पुढे ‘पी’ आहे.

रापण : मग तो रेनल स्कोअर, म्हणजे गाठ काढणे किती अवघड आहे हे स्कॅनवरून सांगणारे गुण, असावा. कुटिकोव्ह आणि उझ्झो यांनी तो २००९ मध्ये मांडला. गाठीचा व्यास, ती मूत्रपिंडाबाहेर किती डोकावते, लघवी साठणाऱ्या पोकळीपासून किती अंतरावर आहे आणि वरच्या-खालच्या टोकांच्या तुलनेत कुठे आहे, यांना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात. ७ ते ९ बेरीज म्हणजे मध्यम अवघड. ‘पी’ म्हणजे गाठ पाठीच्या बाजूला आहे. गळतीपुरते पाहायचे तर बेरजेपेक्षा पोकळीपासूनचे अंतर विचारा, कारण ते ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर पोकळी उघडली जाण्याची शक्यता वाढते.

वाशिष्ठी (चिपळूण) : माझ्या काकांचे अख्खे मूत्रपिंड काढले आणि ते आजही बागेत राबतात. तेच करून मोकळे व्हावे.

रापण : मी सहमत नाही. राखता येण्याजोगे मूत्रपिंड काढले, तर पुढे सारा भार एकट्या दुसऱ्यावर येतो.

दर्यावर्दी (अलिबाग) : महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका सोबत ठेवावी.

कातळकाठ : खर्चाचे मी विचारलेले नाही.

सुरंगी (वेंगुर्ले) : मी क्ष-किरण विभागात काम करते. मूत्रपिंडाभोवतीची चरबी चिकट असेल, तर गाठीपर्यंत पोहोचणेच जिकिरीचे होते, आणि रेनल स्कोअरमध्ये चरबी मोजलीच जात नाही. तिच्यासाठी ० ते ५ गुणांचा वेगळा मेयो स्कोअर आहे. त्यात मागच्या चरबीची जाडी आणि तिच्यातील रेषा पाहतात, आणि तो याच स्कॅनवरून काढता येतो. सीडी घेऊन जावे. वडिलांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?

कातळकाठ : अँजिओप्लास्टी झाल्यापासून चालूच आहे.

सुरंगी : मग रक्तस्रावाविषयीचे निम्मे उत्तर स्कॅनमध्ये नाहीच. ती गोळी स्वतःहून बंद करू नका. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ या तिघांनाही सहीपूर्वी तिच्याविषयी विचारा.