व्हीएममध्ये कर्नेलचा बग रिप्रोड्यूस करायचाय पण क्रॅशच होईना

फाटका_पॉइंटर

मंडळी, सिझबॉटच्या (कर्नेलमधले बग आपोआप शोधून रिपोर्ट करणारी यंत्रणा) यादीतला एक यूज-आफ्टर-फ्री (मोकळी केलेली मेमरी परत वापरण्याचा बग) हाताशी घेतलाय, नेटवर्किंगच्या कोडमधला आहे, रिपोर्टसोबत सी मधला रिप्रोड्यूसर (बग मुद्दाम घडवणारा छोटा प्रोग्राम) पण दिलाय म्हणून वाटलं पटकन होईल, पण गाडी तिथेच अडकलीय. सेटअप सांगतो. होस्ट (माझं खरं मशीन) लिनक्स, वर क्यूएमूमध्ये व्हीएम म्हणजे व्हर्च्युअल मशीन (गेस्ट), कर्नेल स्वतः कंपाइल केलाय. कॉन्फिग माझ्या डिस्ट्रोची उचलली, लोकलमॉडकॉन्फिग मारून छोटी केली आणि वरून कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नेलमधलं साधन) चालू केलं. पहिल्यांदा बूटच होईना, "अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक" आणि पॅनिक. मग इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये चढणारी छोटी फाइलसिस्टीम) वगैरे जोडून कसंबसं लॉगिनपर्यंत आलो. आता रिप्रोड्यूसर चालवतोय तर नुसता चालतोच आहे, डीमेसेजमध्ये (कर्नेलच्या लॉगमध्ये) एक ओळ नाही. बग कोणी आधीच दुरुस्त केलाय म्हणावं तर तसंही नाही, सिझबॉटवर अजून उघडाच दिसतोय.

तर नक्की काय जुळवायला लागतं? आणि दर वेळी गेस्ट आडवा झाला की डिस्क इमेज परत बनवायची का, तुम्ही लोक काय करता?

रात्रपाळी

भाऊ, डिस्ट्रोची कॉन्फिग टाकून दे आधी. सिझबॉटच्या रिपोर्टमध्ये चार गोष्टी असतात, कमिट, डॉटकॉन्फिग, कंपायलरचं व्हर्जन आणि रिप्रोड्यूसर. या चारही जशाच्या तशा घ्यायच्या. लोक रिप्रोड्यूसर तेवढा घेतात आणि बाकीचं आपल्या मनाचं लावतात, मग म्हणतात बग येत नाही. येईल कसा, ज्या ड्रायव्हरमध्ये किंवा प्रोटोकॉलमध्ये बग आहे तो तुझ्या कर्नेलमध्ये कंपाइलच झालेला नसेल तर सॉकेट उघडतानाच एरर येतो आणि रिप्रोड्यूसर एरर बघतच नाही, तो आपला लूपमध्ये गरागरा फिरत बसतो. एकदा एसट्रेस (प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावून बघ, कुठला कॉल काय परत देतोय ते लगेच कळेल.

रिपोर्टमध्ये दिलेली कॉन्फिग डॉटकॉन्फिग नावाने ठेवायची आणि मेक ओल्डडेफकॉन्फिग मारायचं. त्यानंतर जुनी आणि नवी फाइल डिफ करून बघायची, कारण तुझा कंपायलर वेगळा असेल तर काही ऑप्शन गुपचूप गळून पडतात आणि कोणी सांगत नाही. उदाहरणच द्यायचं तर केएमसॅन (न भरलेली मेमरी वापरली की पकडणारं साधन) फक्त क्लँग या कंपायलरवरच चालतं, जीसीसीने बिल्ड केलंस की तो ऑप्शन गायब.

आणि तुझा तो रूट एफएसचा पॅनिक. लोकलमॉडकॉन्फिग तुझ्या होस्टवर आत्ता लोड असलेले मॉड्यूल बघून बाकीचे उडवतं. होस्टला व्हर्टआयओ (व्हीएमच्या आभासी डिस्क-नेटवर्कचा ड्रायव्हर) लागत नाही, म्हणजे तो उडाला, आणि जे उरलं ते एम म्हणून, म्हणजे मॉड्यूल म्हणून. इनिटरामएफएस नसताना मॉड्यूल आणायचे कुठून, ते तर त्याच डिस्कवर आहेत जी अजून माउंट व्हायचीय. डिस्कचा ड्रायव्हर, पीसीआय, ईएक्सटी४ हे सगळं वाय, म्हणजे आतच बांधलेलं पाहिजे. व्हर्टआयओ डिस्क दिलीस तर रूट व्हीडीए असतो आणि साधी आयडीई दिलीस तर एसडीए, तिथेही लोक चुकतात. स्वतःची कॉन्फिग शून्यातून करायची झाली तर मेक डेफकॉन्फिग आणि त्यावर मेक केव्हीएम_गेस्ट.कॉन्फिग, एवढ्यावर बूट होतं.

इमेजसाठी सिझकॉलरच्या (सिझबॉट ज्या टूलवर चालतो ते) सोर्समध्येच क्रिएट-इमेज नावाची स्क्रिप्ट आहे, डीबूटस्ट्रॅप वापरून छोटा डेबियन बनवून देते, एसएसएचची किल्लीपण तयार मिळते. ती एकदा बनव आणि क्यूएमूला स्नॅपशॉट ऑप्शन देऊन चालव, म्हणजे गेस्टमधलं सगळं लिखाण तात्पुरत्या फाइलमध्ये जातं आणि मूळ इमेजला धक्का लागत नाही. गेस्ट आडवा झाला, मारून टाकला, परत उठवला, संपलं. परत इमेज बनवायची भानगड नाही.

ग्राफिक्सची खिडकी पण बंद कर. नोग्राफिक आणि कर्नेलच्या कमांड लाइनमध्ये कन्सोल सीरियलवर, टीटीवायएस० वर. क्रॅशच्या वेळी एसएसएच मरतं, डिस्कवर लॉग उतरत नाही, सीरियलवर मात्र शेवटची ओळ हमखास येते. ते आउटपुट होस्टवर फाइलमध्ये साठव.

हो, आणि केव्हीएम (गेस्टचा कोड थेट सीपीयूवर चालवणारी कर्नेलची सोय) चालू आहे ना? नसेल तर क्यूएमू प्रत्येक इन्स्ट्रक्शन भाषांतर करत बसतो आणि वर कासान, म्हणजे बैलगाडीला ब्रेक लावल्यासारखं.

बिटबिट_ताई

वरचं सगळं बरोबर, पण कॉन्फिग जुळवूनही क्रॅश न येणं हे खूप कॉमन आहे, तेव्हा दोन-तीन गोष्टी अजून बघ.

रिप्रोड्यूसरच्या वर कॉमेंटमध्ये किंवा सिझ फॉरमॅटमधल्या फाइलच्या पहिल्या ओळीत ऑप्शन असतात, थ्रेडेड, रिपीट, प्रॉक्स, सँडबॉक्स. ते वाच. सँडबॉक्स नेमस्पेस असेल तर यूजर नेमस्पेस चालू पाहिजेत. फॉल्ट इंजेक्शन वापरलं असेल तर कॉन्फिगमध्ये फेलस्लॅब पाहिजे, कारण असे बग मेमरी ॲलोकेशन मुद्दाम फेल केल्यावरच दिसतात, एरवी तो एररचा रस्ता कोणी चालतच नाही. आणि कधीकधी सी मधला रिप्रोड्यूसर चालत नाही पण सिझ फॉरमॅटमधला सिझ-एक्झेकप्रॉगने चालवला की दोन मिनिटात क्रॅश, तर तोही करून बघ.

गेस्टला रॅम किती दिलीयस? कासान फ्री झालेलं ऑब्जेक्ट लगेच परत वापरू देत नाही, काही काळ क्वारंटाइनमध्ये ठेवतं, म्हणूनच यूज-आफ्टर-फ्री सापडतो. हे क्वारंटाइन एकूण रॅमच्या साधारण १/३२ एवढं असतं, आणि शॅडो मेमरी (कुठली मेमरी वापरायला चालते याची कासानची नोंद) १/८ खाते ती वेगळी. गेस्टला ५१२ एमबी देऊन बसलास तर ऑब्जेक्ट लवकर बाहेर पडतं, दुसऱ्या कोणाला मिळतं, आणि मग चुकीचा ॲक्सेस कासानला कायदेशीर वाटतो. निदान २ जीबी दे.

सीपीयू एकच दिला असशील तर तेही बदल. नेटवर्किंगमधले यूज-आफ्टर-फ्री बरेचदा रेस असतात, एक थ्रेड सॉकेट बंद करतोय आणि दुसरा त्याच वेळी त्यावर लिहितोय. एकाच सीपीयूवर ही गाठ पडायची म्हणजे नशीबच लागतं. दोन किंवा चार दे.

फाटका_पॉइंटर

रात्रपाळी, ताई, दोघांचे आभार. एसट्रेसमध्ये सॉकेटच उघडत नव्हता, प्रोटोकॉलच नव्हता कर्नेलमध्ये. सिझबॉटची कॉन्फिग, क्लँग, चार सीपीयू, ४ जीबी असं सगळं केलं आणि आला क्रॅश! पण आता नवीनच गोंधळ, रिपोर्टमध्ये जे फंक्शन आहे ते इथे नाहीच, दुसऱ्याच फंक्शनमध्ये कासान ओरडतंय. हा तोच बग की वेगळा? शिवाय दर वेळी येतही नाही.

जुनं_खोड

पहिल्या ओळीतल्या फंक्शनच्या नावावर जाऊ नकोस. कासानच्या रिपोर्टमध्ये तीन स्टॅक (फंक्शन कॉलच्या साखळ्या) असतात, चुकीचा ॲक्सेस कुठे झाला, ऑब्जेक्ट ॲलोकेट कुठे झालं, आणि फ्री कुठे झालं. रेसमध्ये पहिला स्टॅक बदलत राहतो, जो थ्रेड आधी तडमडला त्याचं नाव लागतं. ॲलोकेशन आणि फ्री हे दोन्ही सिझबॉटच्या रिपोर्टशी जुळत असतील तर बहुतेक तोच बग. फ्रीचा स्टॅक वेगळा असेल तर मात्र थांब, तू दुसरं काहीतरी पकडलंयस, ते पण चांगलंच म्हणा. आणि कायम पहिलाच रिपोर्ट वाचायचा, त्यानंतरचं सगळं बिघडलेल्या मेमरीवरचं नाटक असतं. म्हणून वॉर्निंगवर पॅनिक (पॅनिक_ऑन_वॉर्न) लावून ठेव.

पत्ते वाचायला कर्नेलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये डीकोड_स्टॅकट्रेस आहे, तिला व्हीएमलिनक्स (न दाबलेली कर्नेल फाइल) दे, फाइल आणि ओळ नंबर मिळतात. व्हीएमलिनक्स म्हणतोय, बीझेडइमेज नाही, डीबग इन्फो पहिल्यात असते. जीडीबी (डीबगर) लावायचा असेल तर क्यूएमूला छोट्या एसचा ऑप्शन (-s) दे, १२३४ पोर्टवर ऐकत बसतो, आणि कमांड लाइनमध्ये नोकेएएसएलआर (दर बूटला कर्नेलचे पत्ते बदलणं बंद करणारा ऑप्शन) टाकायला विसरू नको नाहीतर पत्ते जुळणार नाहीत आणि ब्रेकपॉइंट लागतच नाहीत. पण रेससाठी जीडीबीचा मला फारसा उपयोग झालेला नाही, थांबवलं की टायमिंगच बदलतं.

त्यापेक्षा रेस घडायची वेळेची खिडकी रुंद कर. जिथे पॉइंटर वाचला आणि जिथे तो वापरला त्या दोन ओळींच्या मधे एमडीले (न झोपता वाट बघणारा कॉल) टाक, काही मिलिसेकंदांचा. एमस्लीप नको, तिथे स्पिनलॉक किंवा आरसीयू धरलेला असेल तर झोपायची परवानगी नसते आणि तू नवीनच वॉर्निंग काढून बसशील. अंदाज बरोबर असेल तर कधीतरी येणारा क्रॅश दर वेळी यायला लागतो, आणि ही डीले लावलेली आवृत्ती हाच तुझा पुरावा, पॅचच्या वर्णनात दोन्ही थ्रेडचा क्रम लिहायला तीच उपयोगी पडते. लोक केसीसॅन लावायला सांगतील, ते रेस शोधायला चांगलं आहे पण कासानसोबत एकाच बिल्डमध्ये चालत नाही, वेगळं बिल्ड करावं लागेल.

रात्रपाळी

खोडाशी सहमत. एकच जोडतो, कुठल्या कमिटने बग आला ते शोधायला गिट बायसेक्ट रन करणार असशील तर स्क्रिप्टमध्ये बिल्ड फेल किंवा बूट फेल झालं की १२५ परत दे, म्हणजे ते कमिट वगळलं जातं. आणि कधीतरीच येणाऱ्या बगसाठी एका रनवर "चांगलं" म्हणू नकोस, एक खोटं "चांगलं" आलं की पुढचं सगळं बायसेक्ट भलत्याच फाट्यावर जातं. प्रत्येक कमिटला तीन-चार व्हीएम एकदम उठव, कोणी एक पडला तरी "वाईट". स्नॅपशॉट असल्यामुळे सगळ्यांना एकच इमेज चालते, फक्त एसएसएचचे पोर्ट वेगवेगळे ठेव.

फाटका_पॉइंटर

फ्रीचा स्टॅक तंतोतंत जुळला. एमडीले टाकून बिल्ड लावलंय. जुनी कमिट नव्या क्लँगने बिल्ड होत नाहीयेत पण, त्याला काय करता?

जुनं_खोड

जुना कंपायलर कंटेनरमध्ये ठेव आणि बिल्ड तिथेच कर, चालवायचं बाहेर होस्टवर. बायसेक्टभर कंपायलर एकच राहू दे, मधेच बदललास तर टायमिंग बदललं की कोड बदलला हे कळायला मार्ग नाही.