मदत हवी आहे: १६०० साठी हलके, लवचिक शूज कोणते?

कालवा_माजलगाव
१६०० साठी हलके शूज सांगा. लवचिक पाहिजेत, तळवा वळला पाहिजे. आत्ताचे जड आहेत, शेवटच्या राउंडला पाय उचलत नाही. या आठवड्यात घ्यायचेच आहेत. फक्त नावं सांगा, लांबलचक माहिती नको.

निवांत_वाचक
१६०० मध्ये कॅम्पस, स्पार्क्स दोन्हीत भरपूर मिळतील. मी रोज ऑफिसला तेच घालतो. गडद रंग घ्या, आपल्याकडच्या काळ्या मातीचे डाग निघत नाहीत.

कालवा_माजलगाव
भाऊ, १६०० मीटर. रुपये नाही. पोलीस भरती.

परभणी_क्रीडाशिक्षक
मग थोडं सांगा. पळता कुठं: ट्रॅकवर, डांबरावर का मुरमावर? वेळ किती लागतोय? वजन? पाय पुढून रुंद आहे का? बजेट? हे कळल्याशिवाय नाव सांगितलं तर पैसे तुमचे जाणार.

अंबडचा_गडी
गोल्डस्टार घ्या, विषय संपला. भरतीची निम्मी पोरं तेच घालतात. नेपाळचा बूट, हलका, तळवा वळतो, खिशाला परवडतो. फक्त नकली लई आलेत, ओळखीच्या दुकानातूनच घ्या.

पुण्यात_नोकरीला
आता जग कार्बन प्लेटच्या, म्हणजे तळव्यात कडक पट्टी असलेल्या शूजवर गेलंय. केनियाच्या किपचोगेनं २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं ते तसल्याच शूजमध्ये. वेळ कमी करायचा तर खर्च करायची तयारी ठेवा.

परभणी_क्रीडाशिक्षक
@पुण्यात_नोकरीला, त्यांनी लवचिक मागितलेत. कार्बन प्लेटचा बूट मधून वळतच नाही, कडक राहावा म्हणूनच ती प्लेट घालतात. वर किंमत पाच आकडी. मुरमाच्या रस्त्यावर तो जाडजूड मऊ फोम डगमगतो आणि घोटा मुरगळायची भीती वेगळीच. भरतीच्या पोराला हे सुचवू नका.

पुण्यात_नोकरीला
मुरमावर पळतात हे त्यांनी कुठं लिहिलंय?

कालवा_माजलगाव
कालव्याच्या कडेनं पळायलो. मुरूमच आहे, मध्ये थोडं डांबर. वेळ ५:३८. वजन ६४. बजेट दोन, लईच झालं तर तीन हजार.

रानवाट_धाराशिव
शूजच्या नादी कशाला लागता? इथिओपियाच्या अबेबे बिकिलानं १९६० ला रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकली. आपले बापजादे अनवाणीच रानात राबले. मी रोज अनवाणी पळतो, पोटरी दगडासारखी झालीय. महिनाभर करून बघा, मग तुम्हीच सांगाल.

अंबडचा_गडी
त्याच बिकिलानं १९६४ ला टोकियोत बूट घालून जिंकली की. आन् कालव्याच्या कडेला बाभळी आहेत. चपलेतून आरपार जाणारा काटा अनवाणी पायात गेला तर भरती तिथंच संपली. सराटे तर विचारूच नका.

रानवाट_धाराशिव
वाट झाडून घेता येते.

परभणी_क्रीडाशिक्षक
तुम्ही वर्षानुवर्षं अनवाणी चालताय, तुमच्या पायाला सवय आहे. ज्याचा पाय लहानपणापासून बुटात आहे त्यानं एकदम हे केलं तर पोटरी, टाचेमागची शीर आणि पंजाची हाडं यांच्यावर सगळा ताण येतो. तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही, पण मैदानी चाचणी तोंडावर असलेल्या पोराला हा सल्ला नको.

@कालवा_माजलगाव, लांब लिहिणार आहे, पण वाचाच.

एका बुटाचं वजन साधारण १०० ग्रॅमनं कमी झालं की पळायला लागणारी ताकद एखादा टक्का वाचते. तुमच्या वेळेत याचा अर्थ तीनेक सेकंद. तेही सोडायचे नाहीत, कारण ५:१० च्या आत आलं की २० पैकी २० गुण आणि ५:३० पर्यंत १८. पण ५:३८ वरून ५:१० ला यायचं ते बुटानं होणार नाही, सरावानंच होईल.

दुकानात जाल तेव्हा बुटाची टाच एका हातात धरा आणि पुढचं टोक जमिनीवर दाबा. बूट जिथं आपला पंजा वळतो तिथंच वळला पाहिजे, म्हणजे बोटांच्या मुळाशी. मधोमध घडी पडत असेल तर ती लवचिकता कामाची नाही, त्याला आधारच नाही. टाचेभोवतीचा भाग मात्र बोटानं दाबला तर पटकन चेपू नये. वजन २२० ते २५० ग्रॅमच्या आसपास पुष्कळ झालं. डब्यावर बहुतेक वेळा वजन लिहिलेलं नसतं, मी तर किराणा दुकानातल्या काट्यावर एक बूट ठेवून बघतो. कुणी हसलं तर हसू द्या.

खालचं रबर बघा. नुसताच फोम असेल तर मुरूम तो खाऊन टाकतो. वरची जाळी फार विरळ नको, बारीक खडे आत येतात. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय जरा फुगलेला असतो. ज्या मोज्यात पळता तेच घालून घ्या, आणि पुढं अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. पळताना पाय पुढं सरकतो, तंग बुटात नख काळं पडतं.

आणि टाच-पंजा यांच्या उंचीतला फरक विचारा. सध्याच्या जड बुटात तो १० ते १२ मिलिमीटर असेल. एकदम शून्यावर जाऊ नका, ६ ते ८ च्या आसपास घ्या.

कालवा_माजलगाव
सर धन्यवाद. पण पातळ तळव्याचा घेतला तर नडगीचं दुखणं थांबेल का? म्हणून तर लवचिक विचारायलो.

लातूरची_ताई
थांबा. नडगी कधीपासून दुखतेय? हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुखणं आतल्या कडेनं वीतभर पसरलंय का, की बोटानं दाखवता येईल असं एकाच जागी आहे? रात्री किंवा नुसतं चालताना दुखतं का?

कालवा_माजलगाव
डाव्या पायाला, आतल्या बाजूनं. आधी सगळीकडं होतं, आता एकाच जागी दाबलं की कळ येते. चालताना थोडंसं. ताई, सगळ्यांचंच दुखतं सरावात.

लातूरची_ताई
सगळ्यांचं दुखतं म्हणून सोडून देऊ नका. पसरलेलं दुखणं सराव कमी केल्यावर बरेचदा बसतं. पण एकाच जागी हाडावर कळ आणि चालतानाही त्रास, म्हणजे हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता धरून चालायचं. आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसत नाही, म्हणून एक्स-रे बरा आला तरी दुखतंय हे ठासून सांगा, गरज पडली तर ते एमआरआय करतील. तोवर पळणं बंद. दुखत नसेल तर सायकल किंवा पोहणं चालेल, दम टिकून राहतो. पातळ बुटानं हे बरं होणार नाही, उलट वाढेल.

अंबडचा_गडी
ताई, पळणं बंद केलं तर भरती हुकेल ना.

लातूरची_ताई
तडा वाढून हाड मोडलं तर ही पण हुकेल आणि पुढची पण.

गोदाकाठ
थोडं वेगळं विचारते, माझ्या आईची टाच सकाळी उठल्या उठल्या लई दुखते. तिला पण असेच लवचिक शूज घेऊ का? नांदेडला चांगलं दुकान कुठलं?

लातूरची_ताई
@गोदाकाठ, त्यांना उलट कमी वळणारा, टाचेला मऊ बूट लागेल. घरातही अनवाणी चालू देऊ नका. वेगळा धागा काढा, तिथं लिहिते.

रानवाट_धाराशिव
बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आधी फौजेत गेला, तिथं घडला, २०२३ मध्ये हांगझोउला आशियाई सुवर्ण घेऊन आला. लहानपणी त्याला कोण शूज देत होतं? मातीतलं पोर आहे.

परभणी_क्रीडाशिक्षक
आणि फौजेत त्याला प्रशिक्षक, डॉक्टर, चांगले बूट सगळं मिळालं. आपल्या पोरांना कालव्याचा रस्ता सोडून काही मिळत नाही, त्याचंच मला वाईट वाटतं. तालुक्याला एक साधा मातीचा ट्रॅक केला, रोज पाणी मारून दाबला, तरी निम्म्या नडग्या वाचतील.

कालवा_माजलगाव
ठीक आहे. उद्या बीडला डॉक्टरांना दाखवतो. शूज त्यानंतर. जुने टाकू का?

परभणी_क्रीडाशिक्षक
टाकू नका. डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली की हळू सराव त्यातच करा. नवे हलके फक्त वेगाच्या दिवशी, सुरुवातीला शंभर-शंभर मीटरचे चार-पाच तुकडे, मग वाढवा. आणि मैदानीच्या दिवशी कोरा बूट पायात घालू नका.

अंबडचा_गडी
गोळाफेकीचा सराव चालूये का? त्याचे पण १५ गुण आहेत. ७.२६ किलोचा गोळा मऊ बुटात फेकला की पाय घसरतो, त्याला सपाट तळवा घ्या.

कालवा_माजलगाव
गोळा चांगला जातो. सर, सहा ते आठ मिलिमीटर हे दुकानदाराला कसं सांगायचं? त्याला कळेल का?

परभणी_क्रीडाशिक्षक
बऱ्याच जणांना नाही कळत. मॉडेलचं नाव टिपून घ्या, मोबाईलवर कंपनीच्या साइटवर बघा, चालू मॉडेलचं तिथं बहुतेक लिहिलेलं असतं. अडलं तर दुकानातूनच फोटो टाका, मी बघून सांगतो.