भरलेलं गाव कधी ओसरलं? मराठवाड्यातले अनुभव

आपल्या गावाचा चढता काळ आणि उतरता काळ, दोन्ही लिहा. एकच विनंती: "दुष्काळ पडला आणि गाव उठलं" एवढ्यावर थांबू नका. दुष्काळ आपल्याकडं आधीही पडायचे. तेव्हा बाहेर गेलेली माणसं मिरगाला परत यायची. आता येत नाहीत, ते का?

निवृत्त शिक्षक, अंबड तालुका

आमच्या गावाचे चांगले दिवस १९७२च्या दुष्काळातूनच सुरू झाले. नव्या पोरांना हे पटत नाही. तेव्हा प्यायला पाणी होतं, धान्य नव्हतं. रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, आणि दुष्काळी कामावर खायला सुकडी. खडी फोडायला अख्खं गाव, कधी उंबरा न ओलांडलेल्या बायासुद्धा. त्याच कामातून आमचा पाझर तलाव झाला आणि पुढं कितीतरी वर्षं खालच्या विहिरींना त्याचं पाणी उतरलं. संकरित ज्वारी आली, वीज आली, मोटेच्या जागी मोटार आली. चौथीपर्यंतची शाळा सातवीपर्यंत गेली. रोजगार हमीचा कायदा १९७७चा. त्या योजनेनं गावातल्या माणसाला गावातच काम दिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पुढं तलावात गाळ भरत गेला आणि तो काढायचा कुणी, यावर ग्रामसभेत नुसते वाद झाले. ज्याच्या त्याच्या रानात बोअर आल्यावर तलावाची गरज कुणालाच वाटेनाशी झाली होती.

औसा तालुका, माहेर तिथलंच

गुरुजी तलावाबद्दल लिहितात, मला ज्वारी साठवायच्या पेवाबद्दल लिहायचंय. गावठाणाच्या पांढरीत खोल खणलेलं, तोंडाला अरुंद, आतून कडब्याचं अस्तर. वर दगड आणि माती. उघडताना कुणी एकदम आत उतरायचं नाही. आधी वाफ जाऊ द्यायची, मग कंदील सोडून बघायचा; विझला तर अजून थांबायचं. त्या ज्वारीच्या भाकरीला उग्र वास यायचा. आजीला तोच आवडायचा. पण पेव भरलेलं असलं की एखादं वर्ष कोरडं गेलं तरी घर हलत नसे.

मग सोयाबीन आलं. मी त्याला नावं ठेवणार नाही. साडेतीन महिन्यांत पीक, दिवाळीआधी हातात रोख पैसा. आमच्या घरावर स्लॅब त्यावर पडला, भाऊ लातूरला शिकला तो त्यावर. पण ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागं बैल गेले, बैलांमागं शेणखत. आणि बैल नसल्यावर वारंगुळा कशाचा? तुझी जोडी माझ्या रानात, माझी तुझ्या, असं चालायचं. ट्रॅक्टरवाल्याला तासाचे पैसे दिले की संबंध संपतो.

सोयाबीन पेवात जात नाही, आडतीवर जातं. २०२१च्या ऑगस्टमध्ये लातूरला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला होता. २०२४ला हमीभाव ४,८९२ रुपये, आणि आडतीवर चार हजारांच्या आसपास मागणी. ज्वारीचा भाव पडला तर ती खाता तरी येत होती. येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला, पुण्याहून गाड्या भरून माणसं येतात अजून, भज्जी-आंबील होते, पण रानात पूजेची कोप (खोपी) करायला कडबा विकत आणावा लागतो. नाहीतर जुनी साडी बांधतात.

लातूर तालुका

ताई, तुमचं पटलं. फक्त पाण्याचं राहिलं. आमचा आड सगळ्या आळीचा होता, तो आटला की सगळ्यांना कळायचं. बोअरचं तसं नाही. मी दोनशे फूट गेलो की शेजारी चारशे, मग मी सहाशे. एप्रिल २०१६ला लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. त्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर टँकरला नंबर लावायला पहाटे उठावं लागे. पाणी पितो म्हणून उसाला दोष देणं सोपं आहे; पण कारखान्याच्या काट्यावर गेल्यावर ठरलेला दर मिळणारं दुसरं पीक शेतकऱ्याला दाखवा.

धारूर तालुका, बीड

तुमच्याकडं चढता काळ तरी होता. आमच्या डोंगरपट्ट्यात दसरा झाला की ऊसतोडीचा कोयता. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत नवरा-बायकोची जोडी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. मागं म्हातारी माणसं आणि शेळ्या. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. म्हणून पाळीचा त्रास नको, असं म्हणत चाळिशीच्या आत गर्भाशय काढून घेतलेल्या बायका माझ्या नात्यात आहेत. २०१९ला सरकारनं यावर समिती नेमली. गावाच्या ओसरण्याचा हिशोब करताना या बायांच्या अंगावरचे टाके मोजले जावेत, एवढंच मला सांगायचंय.

लोहारा तालुका

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात आमचं जुनं गाव गेलं. नवीन गावात रस्ते सरळ, घरं मजबूत. पण भावकी लांबलांब पांगली आणि रान दूर पडलं. आमची उतरण तिथून मोजतात.

रेणापूर तालुका, वय २६

मी गावातच आहे. दोन म्हशी आहेत, त्यांच्यासाठी यंदा दीड एकर मालदांडी ज्वारी पेरली. वडील म्हणाले, काढणीला माणूस मिळणार नाही. खरंच मिळाला नाही. शेवटी मी, आई आणि शेजारचे काका-काकू असे चौघांनी काढली. त्यांच्या हरभऱ्याला आम्ही गेलो. कडबा विकत घ्यावा लागला नाही. सोयरिकीचं विचाराल तर पाहुणे येतात, "नोकरी?" विचारतात आणि चहा पिऊन जातात. औशाच्या ताईंना विचारायचं होतं: आमच्या वाड्यातलं जुनं पेव पुन्हा वापरता येईल का?

औसा तालुका

येईल, पण आधी आत ओल उतरते का बघ. जवळून नाली किंवा शोषखड्डा गेला असेल तर नाद सोड. आणि दीड एकराच्या ज्वारीला पेव लागत नाही, कोठीत कडुनिंबाचा पाला घालून ठेव. पुढच्या रब्बीला त्या काकांसकट चार घरांनी पेरली, तर मी स्वतः येऊन अस्तर कसं लावायचं ते दाखवते.