पिवळी गारी: रंग पाम तेलाचा की कसाव्याचाच?

इबादानकर:
नमस्कार मंडळी. कामानिमित्त दोन वर्षं नायजेरियात इबादानला आहे. इथे कसावा, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, रोजच्या जेवणात आपल्याकडच्या ज्वारीसारखा. कंद किसतात, आंबवतात, पोत्यात भरून दाबून पाणी काढतात आणि मोठ्या कढईत भाजतात, की झाली रवाळ गारी. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी ती गरम पाण्यात घोटून गोळा करतात, त्याला एबा म्हणतात, आणि माझी चार वर्षांची लेक भेंडीच्या बुळबुळीत रश्शाबरोबर तो चाटूनपुसून खाते. परवा मावशींनी पिवळी गारी आणली, म्हणाल्या ही व्हिटॅमिनवाली, डोळ्यांना चांगली. शेजारी म्हणतात कसलं काय, पाम तेल घातलंय. खरं काय? आणि हा पिवळा कसावा जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जीन घालून बदललेला, आहे का? पोरीच्या पोटात जातंय म्हणून विचारतोय.

बियाणेवाली:
दादा, दोन्ही असू शकतं. तेलाची गारी गडद असते आणि वास येतो, मूठभर गारी पांढऱ्या कागदावर दाबून बघा, डाग पडला तर तेल. तरी ती वाईट नाही हां, लाल पाम तेलात बीटा कॅरोटीन भरपूर असतं, त्यापासूनच शरीर व्हिटॅमिन ए बनवतं, आणि पिवळ्या कसाव्याचा रंगही त्याचाच. पिवळ्या कसाव्याची गारी फिकट, सायीच्या रंगाची दिसते. खात्री करायची तर सरळ कंद आणा आणि कापा, आतूनच पिवळा निघतो.

जीएम नाही. तुमच्याच गावात आयआयटीए ही आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्था आहे, त्यांनी आणि नायजेरियातल्याच उमुडिकेच्या कंदपीक संशोधन संस्थेने साध्या संकरातून, पिढ्यानपिढ्या निवड करत या जाती काढल्या. २०११ ला पहिल्या तीन आल्या, उमुकास ३६, ३७ आणि ३८, मग २०१४ ला आणखी तीन. सोपं काम नाही हे, कसाव्याला फुलं कमी येतात, लावणी खोडाच्या तुकड्यांनी, एका झाडाचे दहाएक तुकडे मिळणार, म्हणजे चांगली जात हाती आली तरी गावभर पोचायला वर्षं जातात. आणि खरी अडचण वेगळीच होती. आफ्रिकेतल्या वाणांत कंद जितका पिवळा तितका आत कोरडा भाग, म्हणजे स्टार्च, कमी, कारण दोन्हीचे जीन एकाच क्रोमोसोमवर शेजारीशेजारी बसलेत. गारी करणाऱ्या बाईला तेवढ्याच पोत्यातून गारी कमी मिळाली तर ती ही जात का लावेल? दक्षिण अमेरिकेतल्या वाणांत ही गाठ तशी नाही, म्हणून तिकडचं रक्त आणून ती सोडवायचं काम चालू आहे. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

साबुदाणा_होलसेल:
ताई एक शंका. माझा साबुदाण्याचा धंदा, माल सगळा सेलमकडचा, तोही याच कंदाचा. मग पिवळ्या कसाव्याचा साबुदाणा काढला तर उपवासाला व्हिटॅमिन मिळेल का? नुसता स्टार्च खातो आपण, शेंगदाण्याचं कूट असतं म्हणून बरं, नाहीतर खिचडीत दुसरं आहे काय.

बियाणेवाली:
काका, नाही हो मिळणार. साबुदाण्यासाठी कंद दळून स्टार्च धुवून घेतात ना, कॅरोटीन चोथ्यात आणि पाण्यात जातं. वर गिऱ्हाइकाला तो पांढराशुभ्रच हवा असतो, तुम्हाला माहीतच आहे. हा फायदा अख्खा कंद खाणाऱ्याला.

त्रिवेंद्रमची_सून:
खरंय. आमच्याकडे सासूबाई कप्पा, म्हणजे कसावाच, उकडतात, माशाच्या कालवणाबरोबर. इथल्या श्रीकार्यमच्या कंदपीक संस्थेचा श्री विशाखम हा १९७०च्या दशकातला संकर आतून पिवळसर असतो. उकडल्यावर कॅरोटीन बरंच टिकतं, गारीत किसणं, आंबवणं, भाजणं आणि मग महिनोन् महिने साठवण, यात जास्त जातं. एक सांगते, कसाव्यात मुळातच सायनाइडचं विष असतं, पिवळा आहे म्हणजे ते नाही असं अजिबात धरू नका. सासूबाई उकडलेलं पाणी ओतूनच देतात. गारीत किसल्यावर कंदातलंच एन्झाइम विष मोडतं आणि आंबवताना, भाजताना ते उडून जातं, त्यामुळे घाईघाईत केलेली गारी घेऊ नका.

इबादानकर:
खूप आभार दोघींचे. मग मुलीला याने खरंच फरक पडतो का? आणि लोहाचं काय?

बियाणेवाली:
केनियात शाळकरी मुलांना साधारण साडेचार महिने उकडलेला पिवळा कसावा देऊन पाहिलं, २०१६ ला निकाल छापून आला, व्हिटॅमिन ए मध्ये सुधारणा छोटी होती पण होती. तेव्हा अंडं, पालेभाजी सोडू नका, आणि ताटात थोडं तेल असू द्या, त्याशिवाय कॅरोटीन नीट अंगी लागत नाही. लोहासाठी मात्र कसाव्याच्या जातींत निवडण्यासारखा फरकच फारसा सापडत नाही, म्हणून तिथे जीएम. २०१९ ला मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपट्याचे दोन जीन घालून कंदातलं लोह आणि जस्त कित्येक पट वाढवलं होतं. तुमच्या बाजारातला कसावा तो नाही.

इबादानकर:
कागदावर दाबून बघितली, डाग पडला, तेलच आहे. मावशींना सांगितलं तर हसल्या, म्हणाल्या त्यांच्या बहिणीच्या शेतात पिवळा कंद आहे, शनिवारी ताजाच घेऊन येते. उकडून देणार लेकीला, पाणी ओतून.