मदत हवी आहे: आजीच्या ट्रंकेतला फोटो कोणत्या सालचा असेल?

नमस्कार मंडळी. आमचं जुनं घर पुण्यात नदीकाठच्या पेठेत होतं. ट्रंकेत हा फोटो सापडला. खालच्या कडेला मातकट डाग आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ट्रंक पाण्यात होती, असं आजी सांगायची. म्हणजे फोटो त्याआधीचा, एवढं नक्की. पण किती आधीचा?

पणजोबा काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि धोतरात. पणजी नऊवारीत. या दोघांवरून काही ठरत नाही, कारण वयस्क माणसं वीस-वीस वर्षं तोच पोशाख ठेवायची. माझी भिस्त मोठ्या आत्याआजीवर आहे. ती पंधरा-सोळाची दिसते, पाचवारी साडी, ब्लाऊजला फुग्याच्या बाह्या, दोन वेण्या पुढे घेतलेल्या. अशा बाह्या आपल्याकडे नेमक्या कधी होत्या? चाळीसचं दशक की पन्नासचं?

शेजारी टेबलावर लाकडी पेटीचा रेडिओ आहे, वर क्रोशाचा रुमाल. तो आमचा की स्टुडिओचा, कळत नाही. मागचा पडदा रंगवलेला आहे, त्यामुळे शंका येते.

मागे स्टुडिओच्या शिक्क्यात ‘पुणे २’ एवढंच वाचता येतं. हा जुना टपाल विभागाचा आकडा; पिनकोड १९७२ साली आले, त्याआधी असेच आकडे लिहायचे, त्यामुळे साल ठरवायला त्याचा फारसा उपयोग नाही.

आत्याआजी आता ऐंशी पार आहेत, नजर अधू झाली आहे. मला त्यांना साल सांगता आलं तर फार बरं वाटेल. जुन्या ब्लाऊजची किंवा रेडिओची माहिती असणाऱ्यांनी कृपया सांगा.